संमती नव्हती, हे कोर्टात सिद्ध कसं होतं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. सुरुवातीची काही वर्षं आरोपीच्या बाजूनं उभी राहून उलटतपास घेतले, आता बहुतेक वेळा फिर्यादी बाईच्या वतीनं सरकारी वकिलांना मदत करते. प्रश्न दोन्हीकडून तेच येतात. काही कोर्टाच्या पायऱ्यांवर, काही रात्री अकराला फोनवर, "वकीलबाई, एका मैत्रिणीसाठी विचारतेय" म्हणून. उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते. ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या खटल्याचे कागद पाहिल्याशिवाय नेमका सल्ला कुणी देत असेल, तर त्याच्यापासून जरा जपूनच राहा.

कायद्यात "संमती" कशाला म्हणतात?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ खाली याचं स्पष्टीकरण आहे. शब्दांनी, हावभावांनी किंवा आणखी कुठल्याही प्रकारे, त्या विशिष्ट लैंगिक कृतीत सहभागी व्हायची तयारी बाईनं स्वेच्छेनं आणि निःसंदिग्धपणे कळवली, तर ती संमती. यातला "त्या विशिष्ट" हा शब्द फार कामाचा आहे. गाडीवर मागे बसली, सिद्धेश्वर यात्रेत गड्ड्यावर बरोबर फिरली, लॉजच्या रजिस्टरवर स्वतः सही केली, ही सगळी त्या त्या गोष्टीपुरती संमती. पुढच्या कृतीची संमती त्यातून आपोआप निघत नाही.

त्याच स्पष्टीकरणाखाली आणखी एक ओळ आहे: बाईनं शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. ही ओळ २०१३ ची. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि त्यानंतर जी दुरुस्ती झाली, तिच्यात ही व्याख्या आली.

जिवाची किंवा मारहाणीची भीती घालून मिळवलेला होकार, नशेत किंवा काय चाललंय हे समजण्याच्या स्थितीत नसताना दिलेला होकार, आणि समोरचा आपला नवराच आहे अशा गैरसमजातून दिलेला होकार (ज्याला ती समजूत खोटी आहे हे माहीत होतं), हे होकार धरले जात नाहीत. भीती स्वतःबद्दलचीच हवी असं नाही. पोराला मारीन म्हणाला, तरी पुरे.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची ३७५ आणि ३७६ ही कलमं लागतात. संमतीची व्याख्या तिथेही हीच आहे.

सिद्ध कुणी करायचं? बाईनं की आरोपीनं?

सरकार पक्षानं. आरोपी गप्प बसून राहिला तरी चालतं, आणि वाजवी शंका उरली तर तिचा फायदा त्याला मिळतो. हे ऐकून नातेवाईक चिडतात. मी आरोपींची कामं केलेली आहेत, म्हणून सांगते: हा नियम ढिला झाला तर पहिली झळ वकील परवडत नसलेल्या पोरालाच बसते.

मात्र सिद्ध करायला दुसरा साक्षीदार लागतोच, ही समजूत चुकीची आहे. अशा गोष्टी साक्षीदार ठेवून घडत नाहीत. "महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन" (१९९०) आणि "पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग" (१९९६) या निकालांत सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की पीडितेची साक्ष विश्वासार्ह वाटली, तर एकट्या तिच्यावरही शिक्षा होऊ शकते. तिच्याकडे गुन्ह्यातल्या साथीदारासारखं संशयानं बघायचं नाही. याची दुसरी बाजूही न्यायालयांनी सांगितली आहे. बाई बोलली म्हणजे ते वेदवाक्य, असंही नाही. एकटीच्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती साक्ष फिर्यादीपासून उलटतपासापर्यंत मुख्य मुद्द्यावर टिकली पाहिजे.

"ती नाही म्हणाली की कोर्टाला मानावंच लागतं" असा कायदा आहे ना?

आहे, पण सगळ्या खटल्यांना नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२० (जुनं ११४-अ) न्याय संहितेच्या कलम ६४ च्या पोटकलम (२) मधल्या प्रकारांना लागू होतं: पोलीस, तुरुंगाचे किंवा रुग्णालयाचे कर्मचारी, नातेवाईक, पालक, शिक्षक, विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरचा माणूस, जिच्यावर आपला ताबा किंवा वर्चस्व आहे अशा बाईवर अत्याचार करणारा, गरोदर किंवा अपंग बाईवर अत्याचार करणारा, आणि असे आणखी काही. तिथे शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं कोर्टात शपथेवर "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, की संमती नव्हती असं न्यायालय गृहीत धरतं. ते खोडून काढणं मग आरोपीकडे येतं.

हे कलम आलं ते आपल्याच राज्यातल्या एका खटल्यामुळे. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोघा पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे सगळं शांततेत झालं, असा त्या निकालाचा सूर होता. रात्रीची वेळ, चौकीचं दार आतून बंद, समोर गणवेशातला माणूस. तिथे त्या पोरीनं काय करायला हवं होतं, हे निकालात कुठे सापडत नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. निमूटपणे सोसणं वेगळं आणि संमती वेगळी, हा त्यांचा मुद्दा होता. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये ११४-अ आलं. (तो खटला त्या मुलीच्या नावानं ओळखला जातो. पीडितेचं नाव छापू नये असं याच पानावर पुढे सांगणार आहे, म्हणून इथे मी ते लिहीत नाही.)

व्यवहारात यातून एक काम निघतं. यंत्रमाग कारखान्याचा मालक, ऊसतोड टोळीचा मुकादम, क्लासचे सर असं काही नातं असेल, तर फिर्यादीतच सांगा: पगार कोण देत होतं, उचल कुणाकडून घेतली होती, खोली कुणाची होती. ते कागदावर नसेल तर दोषारोप साध्या ६४(१) खाली ठेवला जातो आणि गृहीतकाचा फायदा हातचा जातो. आणखी एक गोष्ट वकिलांच्याही लक्षातून सुटते. सामूहिक बलात्काराचं कलम ७० या यादीत नाही.

मेडिकलमध्ये जखमा निघाल्या नाहीत. केस संपली का?

नाही. आपल्याकडे रिपोर्टकडे निकालासारखं बघतात, म्हणून यावर जरा थांबते.

वैद्यकीय तपासणी आणि डीएनए यांतून फार तर एवढं कळतं की संबंध आला आणि कुणाचा आला. संमती होती की नव्हती, हे कुठल्याही नळीत दिसत नाही. म्हणून बचाव काय आहे हे आधी ओळखावं लागतं. आरोपी म्हणतो "मी तिथे नव्हतोच", तर डीएनए त्याला तोडतो. तो म्हणतो "झालं, पण राजीखुशीनं", तर त्याच डीएनएला काही अर्थ उरत नाही, कारण तो मुद्दा त्यानं मान्यच केलेला असतो. तिथून पुढे सगळं बाईच्या शब्दांवर आणि आजूबाजूच्या परिस्थितीवर चालतं. "साहेब, डीएनए मॅच झालाय, आता शिक्षा होणारच" म्हणून पेढे वाटायला निघालेला भाऊ मी पाहिलाय.

जखमा नसण्याला साधी कारणं असतात. भीतीनं अंग गारठतं. धमकी असते. शेजारच्या खोलीत लेकरं झोपलेली असतात. दोन दिवसांनी तपासणी झाली तर ओरखडे मिटलेले असतात. जखमा असल्या तर मदत होते, नसल्या म्हणून संमती ठरत नाही.

तपासणी मात्र लवकर करा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेतले जातात. अंघोळ केली, कपडे धुतले म्हणून जायचं टाळू नका. सोलापुरात बहुतेक जणी सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जातात, पण खासगी दवाखान्यालाही पहिला उपचार मोफत द्यावाच लागतो. आधी पोलिसांची चिठ्ठी आणा, असं सांगून परत पाठवता येत नाही. आणि "टू फिंगर टेस्ट" (योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी) कुणी करू लागलं तर नकार द्या. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं आहे.

फिर्याद देताना नेमकं काय सांगायचं?

मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायची परवानगी असती तर मी हा निवडला असता.

पोलीस ठाण्याची एक ठरलेली मराठी आहे. "मी त्यास विरोध केला असता त्याने माझे इच्छेविरुद्ध व संमतीशिवाय जबरी संभोग केला." शेकडो फिर्यादींत हेच वाक्य असतं. लिहिणाऱ्या अंमलदाराची यात लबाडी नसते, त्याला कलम बसवायचं असतं. पण "इच्छेविरुद्ध" हा निष्कर्ष आहे, पुरावा नाही. तुम्ही काय बोललात, तो काय बोलला, हात कुठे होता, दार कुणी लावलं, हा पुरावा.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या एका बाईंची साक्ष मला विसरता येत नाही. घरची भाषा तेलुगू, मराठी बाजारापुरतं. फिर्यादीत "विरोध केला" असं होतं. उलटतपास सुरू झाला. विरोध केला म्हणजे काय केलं? ढकललं? नाही. ओरबाडलं? नाही. चावलात? नाही. मग विरोध केला हे पोलिसांनी मनानं लिहिलं का? बाई गप्प. कोर्टात अशी शांतता पडली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आमच्या बाजूनं पुन्हा विचारताना, दुभाष्यामार्फत एवढंच विचारलं: तुम्ही त्या वेळी काय म्हणालात? तिनं मान वर केली. "वद्दन्नानु. मळ्ळी वद्दन्नानु." नको म्हणाले, पुन्हा नको म्हणाले. हा शब्द पहिल्या दिवसापासून तिच्याजवळ होता. ठाण्याच्या मराठीत येताना त्याचा "विरोध" झाला आणि विरोध म्हटलं की समोरचा वकील जखमा मोजायला लागतो.

सोलापुरात घराघरात तेलुगू, कन्नड, उर्दू, लमाणी बोलतात. तेव्हा हे हक्कानं मागा: तुमच्या तोंडचे शब्द तुमच्या भाषेत, अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे. कन्नडमध्ये "बेड" (नको) म्हणाला असाल तर "बेड" लिहा, पुढे अर्थ लिहा. फिर्याद महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते. लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायला लावा, मगच सही. प्रत मोफत मिळते. जबाबाचं चित्रीकरण करण्याची तरतूदही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, त्याचा आग्रह धरा. नंतर त्याच संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होतो. तिथेही तेच सांगा, पाठ केल्यासारखं नको.

हद्द आमची नाही म्हणून हाकलता येत नाही. घटना मोहोळची असली तरी शहरातल्या ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. अशा गुन्ह्याची खबर नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली कैदेची शिक्षा आहे.

मी सगळ्यात आधी बहिणीला सांगितलं. तिची साक्ष उपयोगाची आहे का?

खूप. घटनेनंतरचं तुमचं वागणं आणि लगेच केलेली तक्रार हा संबंधित पुरावा आहे. बहिणीनं घटना पाहिलेली नसते, पण तिनं तुम्हाला पाहिलेलं असतं. एका खटल्यात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) विडी कामगार बाईची जाऊ साक्षीला आली. तिला विचारलं, तुम्हाला वेगळं काय वाटलं? म्हणाली, "रोज आली की आधी विड्या मोजून बंडल बांधते. त्या दिवशी सूप तसंच ओट्यावर टाकलं, पानं वाऱ्यानं उडत होती, तरी बघितलं नाही." रडत होती, घाबरलेली होती, हे सगळेच सांगतात. सुपाची गोष्ट पढवून आलेला साक्षीदार सांगत नाही.

म्हणून पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते फिर्यादीत यायला हवं आणि त्या व्यक्तीचा जबाबही वेळेत व्हायला हवा. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेली हकीकतही पुढे तपासली जाते. तिथे घाईत चुकीचं लिहिलं गेलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.

तक्रार द्यायला उशीर झाला तर?

उशिरानं खटला पडत नाही, कारण न सांगितलेल्या उशिरानं अडचण होते. सासू-सासऱ्यांची भीती, मुलीचं ठरलेलं लग्न, आरोपी घरातलाच, धमकी. जे खरं कारण असेल ते फिर्यादीतच येऊ द्या. अब्रूचा विचार करून घरचे आधी थांबतात, हे गुरमित सिंग निकालातही मान्य केलेलं आहे.

घटनेनंतर मीच त्याला "जेवलास का" असा मेसेज केला होता. तो डिलीट करू का?

करू नका. एकही मेसेज पुसू नका, विशेषतः अंगावर येणारा तर नकोच. तुमच्याकडून पुसला तरी त्याच्या मोबाइलमध्ये तो असतोच, आणि उलटतपासात तो अचानक समोर आला की तुम्ही लपवलंत असा अर्थ निघतो. रोज त्याच कारखान्यात जायचं आहे, पगार त्याच्या हातात आहे, अशी बाई दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं बोलते. हे कोर्टाला समजावून सांगता येतं, लपवलेला मेसेज समजावता येत नाही.

नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या २०२० च्या निकालानं ही अट पक्की केली आहे. मूळ मोबाइल जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका.

आमचे आधी संबंध होते. मग संमती होतीच असं धरतील?

कायदा सांगतो, नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे पीडितेचं चारित्र्य किंवा कुणाही व्यक्तीबरोबरचा तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या प्रश्नावर गैरलागू आहे, आणि तसे प्रश्न उलटतपासात विचारायलाही मनाई आहे. प्रत्यक्षात प्रश्न आडवाटेनं येतात: "तुम्ही याआधी कितीदा लॉजवर गेला होतात?" सरकारी वकिलांनी तिथल्या तिथे हरकत घ्यायची असते. घेतली नाही तर उत्तर कागदावर राहतं. मात्र ओळख होती, प्रेम होतं, हे लपवू नका. "आधी मी हो म्हणाले होते, त्या दिवशी नाही म्हणाले" हे कोर्टाला समजतं.

लग्नाचं वचन देऊन फसवलं. हा बलात्कार होतो का?

प्रत्येक मोडलेलं लग्न बलात्कार होत नाही. "प्रमोद सूर्यभान पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य" (२०१९) मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन कसोट्या दिल्या: वचन देतानाच ते पाळायचं नव्हतं का, आणि बाईनं संबंधांचा निर्णय थेट त्या वचनामुळे घेतला का. आधी मनापासून म्हणाला आणि नंतर घरच्यांनी जात काढली म्हणून मागे हटला, तर ते वचन मोडणं झालं, पहिल्यापासून खोटं बोलणं नव्हे. गावाकडे बायको असताना बिनलग्नाचा म्हणून वावरत होता, ही वेगळी गोष्ट. नव्या न्याय संहितेत कलम ६९ स्वतंत्रपणे आलं आहे: लग्न करायचा इरादाच नसताना वचन देऊन किंवा फसवणुकीनं ठेवलेले, पण बलात्कारात न मोडणारे संबंध. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. माझं मत विचाराल तर अशा फिर्यादींत "जबरदस्तीनं" हा शब्द उगाच घुसवतात आणि खरी असलेली फसवणूकही त्याच्याबरोबर बुडते.

मुलगी सतरा वर्षांची आहे आणि ती "मी राजीखुशीनं गेले" म्हणते.

अठराच्या आत संमतीला अर्थ नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो आणि वाद वयाच्या पुराव्यावर जातो. शाळेचा किंवा दहावीचा दाखला, नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर वैद्यकीय चाचणी, या क्रमानं.

नवऱ्याविरुद्ध?

बायको अठरा वर्षांची किंवा मोठी असेल तर बलात्काराचं कलम आजही लागत नाही. विभक्त राहत असाल तर कलम ६७ आहे. एकत्र राहत असाल तर क्रूरतेचं कलम ८५ आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, ज्यात लैंगिक छळ धरलेला आहे.

उलटतपासाची फार भीती वाटते.

वाटणारच. सुनावणी बंद दालनात होते, बघे बाहेर. आरोपी दिसू नये म्हणून पडदा मागता येतो. तुमचं नाव छापणं किंवा व्हॉट्सॲपवर फिरवणं हा कलम ७२ खाली गुन्हा आहे.

शेवटी आरोपीचा वकील त्याचं म्हणणं तुमच्यापुढे ठेवतो आणि टंकलेखक लिहितो: "हे म्हणणे खरे नाही की, जे घडले ते माझे संमतीने घडले." हे वाक्य ऐकून बायका दचकतात, आपल्या तोंडी हे कुणी घातलं म्हणून. घाबरू नका, ते तुमचं नकाराचं उत्तर आहे, फक्त कोर्टाच्या उलट्या मराठीत. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. सहीआधी साक्ष वाचून घ्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. भरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, त्याचीही चौकशी तिथेच करा.

गावातल्या लोकांनी आपसात मिटवायला सांगितलंय.

हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंत तर तोच कागद पुढे "संमती होती" म्हणून तुमच्यासमोर धरला जाईल.

आरोपी सुटला. म्हणजे मी खोटी ठरले का?

नाही. निर्दोष सुटला याचा अर्थ शंका उरली, एवढाच. फिर्याद जाणूनबुजून खोटी दिली हे वेगळं सिद्ध करावं लागतं. निकाल मान्य नसेल तर राज्य सरकार अपील करू शकतं आणि पीडितेलाही स्वतःचा अपिलाचा हक्क आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याचं काम मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. त्यामुळे आता मुंबईची गाडी पकडायला नको. निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्या, आणि फक्त निकालाची नको, साक्षींचीही मागा.